इंग्रजी क्रियापदामागचे वाक्य: ‘दॅट’ आणि इतर उभयान्वयी अव्यये कशी वापरावीत

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून इंग्रजी सुधारण्यासाठी जे विद्यार्थी येतात, त्यांची साधी वाक्ये बहुधा बरोबर असतात. अडचण सुरू होते ती एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य घालायची वेळ आली की. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात पत्रव्यवहार सांभाळणारा मुलगा ‘अवर ओनर सेड मी दॅट...’ असे लिहितो, मिरजेच्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका ‘द डॉक्टर सजेस्टेड हिम टु टेक रेस्ट’ असे म्हणते, आणि नोकरीच्या मुलाखतीला बसलेला पदवीधर ‘आय वॉन्ट दॅट यू गिव्ह मी अ चान्स’ असे सांगून मोकळा होतो. शब्द या तिघांकडेही पुरेसे आहेत. तिघांनी क्रियापदाचा अर्थ पाठ केला आहे, पण त्या क्रियापदामागे कशा प्रकारची रचना येते हे पाठ केलेले नाही, आणि इंग्रजीत क्रियापदाचा निम्मा उपयोग त्या रचनेतच असतो.

मराठीत ही अडचण जाणवत नाही, कारण आपला ‘की’ अत्यंत उदार आहे. ‘तो म्हणाला की’, ‘मला वाटते की’, ‘त्याने विचारले की’, ‘माझी इच्छा आहे की’, ‘मला ठाऊक नाही की’ या सर्व ठिकाणी तो निमूटपणे बसतो. शाळेच्या व्याकरणात आपण त्याला स्वरूपदर्शक उभयान्वयी अव्यय म्हणतो आणि त्याच्यामागून येणाऱ्या वाक्याला नामवाक्य म्हणतो, कारण ते सबंध वाक्य नामाची जागा घेते. इंग्रजीत मात्र त्या जागी ‘दॅट’ येईल, ‘व्हेदर’ येईल, ‘व्हेअर’ किंवा ‘हाउ’सारखा प्रश्नशब्द येईल, की वाक्य मोडून ‘टु’ घालावा लागेल, याचा निर्णय त्याच्या आधी आलेले क्रियापद करते. म्हणून नवे क्रियापद शिकताना ते एकटे लिहून घेऊ नये. त्याच्या रचनेसह, एका पूर्ण वाक्यात लिहून घ्यावे. या लेखातील सर्व मार्गदर्शन या एका सवयीसाठी आहे.

पुढील इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. ती आधी मोठ्याने वाचावीत आणि नंतर वहीत रोमन लिपीत उतरवावीत. दोन्ही केल्याने रचना कानाला आणि हाताला एकाच वेळी बसते.

‘दॅट’ जिथे सरळ बसतो

जाणणे, वाटणे, ऐकणे, आठवणे, आशा धरणे, कबूल करणे या अर्थांची क्रियापदे ‘दॅट’ थेट स्वीकारतात. थिंक, नो, बिलीव्ह, होप, हिअर, नोटिस, रिमेंबर, फर्गेट, रिअलाइज, ॲडमिट आणि अग्री ही त्यांपैकी नेहमी लागणारी. ‘आय नो दॅट द वारणा मीट्स द कृष्णा ॲट हरिपूर’ किंवा ‘मेनी पीपल फर्गेट दॅट विष्णुदास भावे स्टेज्ड हिज फर्स्ट प्ले इन सांगली इन १८४३’ अशी वाक्ये तयार करताना मराठी ‘की’च्या जागी ‘दॅट’ ठेवला तरी काही बिघडत नाही. विद्यार्थ्यांचा गैरसमज इथूनच रुजतो, कारण पहिली दहा क्रियापदे या गटातली भेटतात आणि मग सगळीच तशी असतील असे वाटू लागते.

या ‘दॅट’च्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, त्याच्या आधी स्वल्पविराम देऊ नये. मराठीत आपण ‘तो म्हणाला, की’ असे लिहितो आणि ते मराठीत योग्यही आहे, पण इंग्रजीत तिथे स्वल्पविराम चूक ठरतो. दुसरी, त्याचा उच्चार हलका करावा. ‘ते’ या अर्थाचा दर्शक ‘दॅट’ ठसठशीत उच्चारतात, तर जोडणारा ‘दॅट’ जवळजवळ ‘दट’ असा घाईने उच्चारला जातो. आपल्याकडे बोलताना नेमक्या याच शब्दावर थांबायची सवय आहे, ‘आय थिंक दॅट’ म्हणून लांब श्वास घेतला जातो आणि मग पुढचे वाक्य शोधले जाते. थांबायचेच असेल तर ‘दॅट’च्या आधी थांबावे आणि तो पुढच्या वाक्याला चिकटवून बोलावा.

तिसरी गोष्ट गाळण्याची. थिंक, नो, होप आणि से यांच्यामागे बोलताना ‘दॅट’ गाळणे अगदी स्वाभाविक आहे: ‘आय थिंक ही इज इन मिरज’. परंतु एक्स्प्लेन, अनाउन्स, पॉइंट आउट, कम्प्लेन यांसारख्या क्रियापदांमागे तो ठेवावा. क्रियापद आणि नामवाक्य यांच्यामध्ये दुसरा शब्द आला तर तो अवश्य ठेवावा. ‘ही सेड यस्टरडे द मार्केट वॉज क्लोज्ड’ या वाक्यात बाजार काल बंद होता की तो काल बोलला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘ही सेड यस्टरडे दॅट द मार्केट वॉज क्लोज्ड’ असे लिहिले की संदिग्धता राहत नाही. कार्यालयीन पत्रात शंका असेल तेव्हा ‘दॅट’ ठेवणेच श्रेयस्कर.

‘ला’ प्रत्ययाने होणारी गल्लत

मराठीत ‘मला म्हणाला’, ‘मला सांगितले’, ‘मला समजावले’, ‘मला सुचवले’, ‘मला कळवले’ या सर्वांत व्यक्तीला ‘ला’ हा एकच प्रत्यय लागतो. इंग्रजीत हीच पाच क्रियापदे तीन वेगवेगळ्या घरांत राहतात, आणि सांगलीच्या वर्गांत ज्या चुका सर्वांत जास्त ऐकू येतात त्या इथल्याच असल्यामुळे या भागाला अधिक वेळ द्यावा.

पहिल्या घरात व्यक्ती आवश्यक असते आणि ती क्रियापदाला थेट लागून येते. मध्ये ‘टु’ येत नाही. टेल, इन्फॉर्म, रिमाइंड, अशुअर, कन्व्हिन्स आणि नोटिफाय ही या घरातली क्रियापदे. ‘ही टोल्ड मी दॅट द ऑक्शन वॉज ओव्हर.’ ‘प्लीज इन्फॉर्म द फार्मर्स दॅट द ऑफिस विल बी क्लोज्ड.’ ‘आय रिमाइंडेड हर दॅट द लास्ट डेट वॉज फ्रायडे.’ इथे ‘इन्फॉर्म टु यू’ किंवा ‘टोल्ड टु मी’ असे म्हणणे चूक आहे, आणि व्यक्ती गाळून ‘ही टोल्ड दॅट’ असे म्हणणे हीदेखील चूक आहे. वॉर्न, प्रॉमिस आणि शो यांच्यामागे व्यक्ती ठेवली तरी चालते आणि गाळली तरी चालते. महापुराची सूचना आपल्या ओळखीची आहे, तेव्हा ‘वॉर्न’साठी तेच उदाहरण वहीत लिहावे: ‘द ऑफिसर वॉर्न्ड द रेसिडेंट्स दॅट द वॉटर ॲट द आयर्विन ब्रिज हॅड क्रॉस्ड फॉर्टी-फाइव्ह फीट’. ही ४५ फुटांची पातळी धोक्याची म्हणून सांगलीत प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यामुळे ‘वॉर्न’ का वापरला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या घरात व्यक्ती आणायचीच असेल तर ‘टु’ लावून आणावी लागते. एक्स्प्लेन, मेन्शन, अनाउन्स, कम्प्लेन, ॲडमिट, प्रपोज, सजेस्ट आणि पॉइंट आउट ही क्रियापदे इथे येतात. ‘द मॅनेजर एक्स्प्लेन्ड टु अस दॅट द लोन हॅड टु बी रिन्यूड एव्हरी इयर.’ ‘शी कम्प्लेन्ड टु द डीन दॅट द वॉर्ड हॅड नो वॉटर.’ यांपैकी ‘एक्स्प्लेन’ विशेष जपावे. ‘एक्स्प्लेन मी’ हा प्रयोग आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की तो शिक्षकांच्याही तोंडी ऐकू येतो, पण शुद्ध रूप ‘एक्स्प्लेन टु मी’ हेच आहे.

तिसऱ्या घरात ‘से’ हा जवळजवळ एकटाच आहे. त्याच्यामागे व्यक्ती येत नाही, सरळ ‘दॅट’ येतो: ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’. व्यक्ती सांगणे गरजेचे असेल तर ‘से’ सोडून ‘टेल’ घ्यावा. ‘सेड टु मी दॅट’ ही रचना अशक्य नाही, पण ती अवघडलेली वाटते. ‘टोल्ड मी दॅट’ हीच रचना अंगवळणी पाडावी. ‘सेड मी’ मात्र कोणत्याही परिस्थितीत लिहू नये.

ही घरे पाठ करण्यासाठी एक उपाय उपयोगी पडतो. एकच प्रसंग घेऊन तो सर्व क्रियापदांनी सांगावा. समजा, अण्णांनी सांगितले की गाडी उशिरा येणार आहे. ‘अण्णा सेड दॅट द ट्रक वुड बी लेट. अण्णा टोल्ड मी दॅट द ट्रक वुड बी लेट. अण्णा एक्स्प्लेन्ड टु मी दॅट द ट्रक वुड बी लेट. अण्णा वॉर्न्ड मी दॅट द ट्रक वुड बी लेट.’ मागचे वाक्य तेच राहते आणि लक्ष केवळ क्रियापद व व्यक्ती यांच्या सांध्यावर राहते, म्हणून हा सराव थोड्या वेळात पुष्कळ काम करतो.

इच्छा, आज्ञा आणि सूचना

‘वॉन्ट’मागे ‘दॅट’ येत नाही. ‘माझ्या आईची इच्छा आहे की मी डॉक्टर व्हावे’ हे मराठी वाक्य इंग्रजीत ‘माय मदर वॉन्ट्स मी टु बिकम अ डॉक्टर’ असेच होते. मराठीतील पोटवाक्याचा कर्ता ‘मी’ इथे इंग्रजी क्रियापदाचे कर्म बनतो आणि उरलेल्या क्रियेपुढे ‘टु’ लागतो. अलाउ आणि फोर्स यांचेही तसेच: ‘द रेन फोर्स्ड अस टु स्टॉप’. कर्ता एकच असेल तर तो पुन्हा आणण्याचे कारणच नाही: ‘आय वॉन्ट टु स्टडी इन पुणे’.

‘टेल’ची रचना अर्थानुसार बदलते, आणि इथे मराठी आपल्याला चांगली मदत करते. ‘त्याने मला यायला सांगितले’ यात आज्ञा आहे, म्हणून ‘ही टोल्ड मी टु कम’. ‘त्याने मला सांगितले की तो येणार आहे’ यात माहिती आहे, म्हणून ‘ही टोल्ड मी दॅट ही वॉज कमिंग’. मराठीत ‘यायला’, ‘करायला’, ‘द्यायला’ असे रूप आले की इंग्रजीत ‘टु’ घ्यावा आणि ‘की’ आला की ‘दॅट’ घ्यावा. ‘टेल’पुरती ही खूण पक्की आहे.

‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘प्रपोज’, ‘डिमांड’ आणि ‘इन्सिस्ट’ यांची तऱ्हा निराळी आहे. परिचारिकेच्या वाक्यातील चूक ‘हिम टु टेक’ या तुकड्यात आहे, कारण ‘सजेस्ट’ला ती रचना चालत नाही. योग्य वाक्य ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक रेस्ट’ किंवा ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही शुड टेक रेस्ट’ असे होईल. पहिल्या वाक्यात ‘ही’ असूनही ‘टेक्स’ नाही आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही ‘टुक’ नाही. क्रियापदाचे मूळ रूप आले आहे. मराठीत इथे ‘त्याने विश्रांती घ्यावी’ असे विध्यर्थी रूप येते. घ्यावी, जावे, भरावेत अशी रूपे जिथे मराठीत येतात, तिथे या गटातील क्रियापदांमागे इंग्रजी मूळ रूप किंवा ‘शुड’ घेते. ‘टु’चीच रचना करायची असेल तर क्रियापद बदलावे: ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हिम टु टेक रेस्ट’ हे पूर्णपणे शुद्ध आहे.

‘इन्सिस्ट’चे दोन अर्थ या खुणेनेच वेगळे करता येतात. ‘तो निर्दोष आहे, असे तो ठासून सांगत राहिला’ यात विधान आहे, म्हणून ‘ही इन्सिस्टेड दॅट ही वॉज इनोसंट’. ‘आम्ही पैसे भरावेत असा त्याने आग्रह धरला’ यात विध्यर्थ आहे, म्हणून ‘ही इन्सिस्टेड दॅट वी पे द मनी’. दोन्ही वाक्यांत ‘इन्सिस्टेड दॅट’ एकच आहे, पण मागच्या क्रियापदाच्या रूपावरून अर्थ उलगडतो.

माहिती नसेल तेव्हा: ‘व्हेदर’ आणि प्रश्नशब्द

‘तो येईल की नाही, मला ठाऊक नाही’ या वाक्यात उत्तर अजून उघडे आहे. उत्तर उघडे असेल तिथे ‘दॅट’ चालत नाही, ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ लागतो: ‘आय डोन्ट नो व्हेदर ही विल कम’. आस्क, वंडर, चेक आणि फाइंड आउट यांच्यामागे ही रचना वारंवार लागते: ‘प्लीज चेक व्हेदर द पेमेंट हॅज रीच्ड अवर अकाउंट’. ‘इफ’ बोलण्यात अधिक येतो. लिहिताना ‘व्हेदर’ सुरक्षित आहे, कारण ‘टु’च्या आधी आणि शब्दयोगी शब्दाच्या मागे ‘इफ’ चालत नाही. ‘आय कान्ट डिसाइड व्हेदर टु सेल द बेदाणा नाऊ’ या जागी ‘इफ टु सेल’ असे म्हणता येणार नाही.

प्रश्नशब्द असेल तर तोच उभयान्वयी अव्ययाचे काम करतो, त्याच्या आधी आणखी ‘दॅट’ घालू नये. ‘त्याने विचारले की ऑफिस कुठे आहे’ या मराठी वळणामुळे ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर इज द ऑफिस’ असे वाक्य तयार होते आणि त्यात दोन चुका होतात. एक ‘दॅट’ची, दुसरी शब्दक्रमाची. पोटात गेलेला प्रश्न प्रश्नासारखा उलटा राहत नाही. कर्ता आधी आणि क्रियापद नंतर येते: ‘ही आस्क्ड व्हेअर द ऑफिस वॉज’. मराठीत प्रश्न विचारतानाही शब्दक्रम उलटत नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला खरे तर सोपी जायला हवी. तरीही चूक होते, कारण शाळेत आधी ‘व्हेअर इज’, ‘व्हॉट इज’ असे प्रश्न घोटून घेतलेले असतात आणि ते जोडीनेच तोंडात येतात. ‘डू यू नो’ आणि ‘कॅन यू टेल मी’ यांच्यामागे सरळ क्रमाची वीस-पंचवीस वाक्ये मोठ्याने म्हटली तर ही खोड मोडते: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द बस फॉर तासगाव स्टॉप्स?’, ‘डू यू नो व्हॉट टाइम द बँक ओपन्स?’

‘डाउट’बद्दल स्वतंत्रपणे सांगितलेच पाहिजे. ‘मला संशय आहे की तोच चोर आहे’ यासाठी ‘आय डाउट दॅट ही इज द थीफ’ असे लिहिले तर इंग्रजी वाचणारा अगदी उलट समजतो: हा माणूस त्याला चोर मानत नाही. ‘डाउट’मध्ये अविश्वास आहे. संशय घ्यायचा असेल तर ‘सस्पेक्ट’ वापरावा: ‘आय सस्पेक्ट दॅट ही इज द थीफ’. तक्रारअर्जात किंवा चौकशीच्या जबाबात ही अदलाबदल झाली तर अर्थाचा अनर्थ होतो.

काळ, पुरुष आणि नकार

मराठी सांगताना बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते. ‘ती म्हणाली की मी उद्या येते’ या वाक्यात ‘मी’ म्हणजे ती, आणि ‘उद्या’ म्हणजे तिच्या बोलण्यानंतरचा दिवस. इंग्रजीत ‘दॅट’ आला की सगळे सांगणाऱ्याच्या बाजूने पाहिले जाते: ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे’. पुरुष बदलला, काळ मागे गेला, दिवसाचा शब्द बदलला. यांपैकी पुरुषाची चूक सर्वांत महागात पडते. ‘द ड्रायव्हर सेड दॅट आय ॲम ड्रंक’ या वाक्याचा अर्थ इंग्रजीत चालकाने वाक्य लिहिणाऱ्यालाच दारुडा ठरवले असा होतो.

काळाचा नियम बोलण्याच्या क्रियापदांपुरता नाही. ‘मला वाटले की तू सांगलीत आहेस’ याचे ‘आय थॉट दॅट यू वेअर इन सांगली’ असे होते. ‘आय थॉट दॅट यू आर’ हे वळण मराठीचे आहे. मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असेल तर मागचा काळ बदलत नाही. आणि गोष्ट आजही तितकीच खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो: ‘अवर टीचर टोल्ड अस दॅट द कृष्णा राइजेस ॲट महाबळेश्वर’.

नकार कुठे ठेवायचा हेही क्रियापदावर अवलंबून आहे. ‘मला वाटते की तो येणार नाही’ यासाठी इंग्रजी सहसा ‘आय डोन्ट थिंक दॅट ही विल कम’ असे म्हणते. नकार आधीच्या क्रियापदावर, म्हणजे ‘थिंक’वर, येतो. बिलीव्ह आणि सपोज यांचेही तसेच. आपल्याकडे ‘मला नाही वाटत तो येईल’ असे म्हणतातच, त्या बोलीचा आधार इथे घ्यावा. ‘होप’ मात्र नकार स्वतःवर घेत नाही: ‘आय होप दॅट इट डझन्ट रेन बिफोर द हार्वेस्ट’. द्राक्षे उतरायच्या दिवसांत अवकाळी पावसाची धास्ती ज्यांच्या घरात असते, त्यांना हे वाक्य वेगळे पाठ करावे लागणार नाही.

विशेषणांमागेही ‘दॅट’ येतो: ‘आय ॲम शुअर दॅट’, ‘वी आर ग्लॅड दॅट’, ‘इट इज क्लिअर दॅट’. ‘असे दिसते की’ यासाठी ‘इट सीम्स दॅट’ म्हणावे; ‘इट’ गाळू नये. ‘ॲज यू नो दॅट’ ही पत्रांत सर्रास आढळणारी सुरुवात मात्र चूक आहे. ‘ॲज यू नो’ घ्यावे किंवा ‘यू नो दॅट’ घ्यावे, दोन्ही एकत्र नकोत. ‘ॲज यू नो, सांगली टर्मरिक रिसीव्ह्ड द जीआय टॅग इन २०१८’ असे लिहिले की पुरे.

मराठीच्या जोड्या इंग्रजीत आणू नयेत

मराठीची उभयान्वयी अव्यये जोडीने चालतात: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, कारण-म्हणून. इंग्रजीत दोन वाक्यांना एक सांधा पुरतो. ‘दो ही इज ओल्ड, बट ही वर्क्स’ यातला ‘बट’ काढावा, किंवा ‘दो’ काढून ‘बट’ ठेवावा. ‘बिकॉज द रिव्हर रोज, सो द स्कूल वॉज क्लोज्ड’ यातील ‘सो’ काढावा. जेव्हा-तेव्हा यातले तेव्हा इंग्रजीत सहसा येतच नाही. ‘इफ’नंतर ‘देन’ चालतो, पण तोही गाळलेला बरा.

‘अंटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्या बाबतीत मराठीतला ‘नाही’ आड येतो. ‘जोपर्यंत पाणी ओसरत नाही तोपर्यंत पूल बंद राहील’ यातील नकार ‘अंटिल’च्या अर्थात आधीच सामावलेला आहे, म्हणून ‘द ब्रिज विल रिमेन क्लोज्ड अंटिल द वॉटर गोज डाउन’ असे लिहावे. ‘अंटिल द वॉटर डझन्ट गो डाउन’ म्हटले तर अर्थ बिघडतो. ‘अनलेस’मध्येही ‘जर... नाही’ आधीच आहे, त्यामुळे त्याच्यामागे पुन्हा ‘नॉट’ घालू नये.

‘व्हेन’, ‘इफ’ आणि ‘अंटिल’ कालावधी किंवा अट सांगत असतील तर त्यांच्या वाक्यात ‘विल’ येत नाही: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. परंतु तोच ‘व्हेन’ क्रियापदाच्या मागे नामवाक्य घेऊन आला तर ‘विल’ येतो: ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’. पहिल्या वाक्यात ‘व्हेन’चे वाक्य क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यात ते ‘नो’चे कर्म आहे. मराठीत पहिले ‘तो आला की’ आणि दुसरे ‘तो कधी येईल हे’ असे होते. ‘हे’ घालता आला तर ते नामवाक्य समजावे.

क्रियापदांची वही आणि एक पत्र

रचना शोधण्यासाठी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवावा. इंग्रज भाषाशिक्षक ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत असताना त्यांना आपल्यासारखीच अडचण दिसली, आणि १९४२ मध्ये तोक्योला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शब्दकोशात प्रत्येक क्रियापदासमोर त्याची रचना नोंदवलेली होती. आजच्या विद्यार्थी-शब्दकोशांत ही प्रथा कायम आहे. ‘दॅट’ कंसात छापला असेल तर तो गाळता येतो, कंसाबाहेर असेल तर ठेवावा. त्याच्या आधी ‘समबडी’चे संक्षिप्त रूप असेल तर व्यक्ती थेट येते आणि त्या संक्षिप्त रूपाआधी ‘टु’ असेल तर ‘टु’ लावून येते. अर्थ पाहून कोश मिटवण्यापूर्वी ही एक ओळ वाचावी आणि आपल्या कामातले वाक्य तिच्याखाली वहीत लिहावे.

आता तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने कोचीच्या ग्राहकाला लिहावे तसे एक काल्पनिक पत्र तपासू. मूळ मसुदा असा: ‘वी इन्फॉर्म टु यू दॅट वी हॅव डिस्पॅच्ड युअर ऑर्डर. द ट्रान्सपोर्टर सेड अस दॅट आय विल रीच ऑन मंडे. वी डोन्ट नो दॅट द रोड इज क्लिअर. दो इट इज रेनिंग, बट द बॉक्सेस आर ड्राय. वी सजेस्ट यू टु चेक देम व्हेन द ट्रक विल अराइव्ह. प्लीज टेल अस दॅट हाउ मेनी बॉक्सेस डू यू नीड नेक्स्ट मंथ.’

पहिल्या वाक्यात ‘इन्फॉर्म’ व्यक्ती थेट घेतो, म्हणून ‘टु’ जातो: ‘वी आर रायटिंग टु इन्फॉर्म यू दॅट वी हॅव डिस्पॅच्ड युअर ऑर्डर’. दुसऱ्यात ‘सेड अस’च्या जागी ‘टोल्ड अस’ येतो, ‘आय’चा ‘ही’ होतो आणि ‘विल’चा ‘वुड’: ‘द ट्रान्सपोर्टर टोल्ड अस दॅट ही वुड रीच कोची ऑन मंडे’. सोमवार अजून यायचा असेल तर इथे ‘विल’ ठेवला तरी दोष नाही. तिसऱ्यात उत्तर उघडे आहे: ‘वी डू नॉट नो व्हेदर द रोड इज क्लिअर’. चौथ्यातून ‘बट’ काढला की वाक्य शुद्ध होते. पाचव्यात ‘सजेस्ट’ची रचना आणि ‘व्हेन’मागचा काळ असे दोन्ही बदलावे लागतात: ‘वी सजेस्ट दॅट यू चेक देम व्हेन द ट्रक अराइव्ज’. सहाव्यात प्रश्नशब्दापुढचा ‘दॅट’ जातो आणि शब्दक्रम सरळ होतो: ‘प्लीज टेल अस हाउ मेनी बॉक्सेस यू विल नीड नेक्स्ट मंथ’. पाचव्या वाक्यात ‘अराइव्ज’ आणि सहाव्यात ‘विल नीड’ असे का, हे ज्याला वही न उघडता सांगता येईल, त्याने आपल्या टेबलावरचे खरे पत्र तपासायला घ्यावे.